उन्हात ठेवलेली गाडी

हात पुसत पुसत काचताईने पुढच्या खोलीचा पडदा बाजूला केला, तेव्हा बाकावर मुलगा एकटाच बसला होता. मांडीवर औषधांची पिशवी, हातात पाण्याचा पेला. पाणी तो इतकं सावकाश पीत होता, की जणू ते पुरवून पुरवून प्यायला सांगितलं असावं. त्याचे वडील सकाळपासून ज्या कोपऱ्यात बसले होते तिथे त्यांची टोपी होती. ते नव्हते.

"बाबा कुठेत?" तिने विचारलं.

"असतील इथेच," तो म्हणाला.

मुलगा म्हणायचं ते फक्त वडील सोबत होते म्हणून. पन्नाशी उलटलेला उंच गृहस्थ, कानशिलं पांढरी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. ती काउंटरकडे वळली. तिथे तिचे दीर कुणाशी तरी फोनवर वाद घालत होते. दुकानातले फोन आणि वाद ही दोन्ही खाती भाऊजींकडे होती, काम तेवढं तिच्याकडे.

"भाऊजी, ते आजोबा?"

"बाथरूमला गेले. मीच दाखवलं की," फोनवर हात ठेवून ते म्हणाले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून त्यांचा चेहरा जरा उतरला. "बराच वेळ झाला का हो?"

बाथरूम बोळकांडीत होतं. दार सताड उघडं, आत कुणी नाही. बोळकांडी पुढे मागच्या अंगणात निघत होती. काचताई अंगणात आली. दुपारचं ऊन असं होतं, की डोळे आपोआप मिटले. ते उघडल्यावर तिला पहिल्यांदा दिसलं ते गल्लीकडचं फाटक. ते हातभर उघडं होतं. एरवी त्याला कडी असते.

म्हातारा माणूस, धड काही न आठवणारा, आणि फाटकाबाहेर गल्ली, गल्लीपुढे मोठा रस्ता.

"भाऊजी!" ती ओरडली. "ते बाहेर गेलेत!"

गाड्यांच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावायचं काम ती सोळा वर्षं करत होती. गिऱ्हाइकांनीच तिला काचताई करून टाकलं होतं आणि आता घरातली मंडळीही चिडवायला तेच म्हणत. सोळा वर्षांत तिच्या हातून दोन काचा तडकल्या होत्या, एकदा एक आरसा निखळला होता. माणूस कधी हरवला नव्हता.

सकाळी नऊलाच दोघं आले होते. गाडी कोरी करकरीत, छत म्हणजे सगळी काचच. शोरूममध्ये वडिलांना फार आवडली होती, मुलाने सांगितलं. आकाश दिसतं म्हणाले होते. घरी आणली आणि पहिल्याच दुपारी ते आत बसून ओरडायला लागले. वरून ऊन, डोळ्यांत तिरीप, डोकं तापतं. दोन्ही हात डोक्यावर धरून बसायचे. एकदा तर चालत्या गाडीत त्यांनी दार उघडलं.

"तेव्हापासून मागची दारं आतून उघडणार नाहीत अशी करून ठेवलीत," मुलगा म्हणाला होता. "दुसरं काय करणार? एका हाताने गाडी चालवू की एका हाताने यांना धरू?"

हे तो म्हणत होता तेव्हा म्हातारा तिच्याकडे बघून हसत होता. चाळीस वर्षं त्यांनी एका थिएटरात सिनेमाचा प्रोजेक्टर चालवला होता. आयुष्य अंधाऱ्या केबिनमध्ये गेलेलं, त्यामुळे उजेड म्हणजे त्यांचा जुना शत्रू. दुकानाचं दार कुणी उघडलं, की ते बसल्या जागेवरून फर्मावत, "दार लावा, उजेड येतोय!" तिसऱ्यांदा तिने स्वतः उठून पडदा ओढला आणि गमतीने विचारलं, "आज कुठला सिनेमा लागलाय, आजोबा?"

"मध्यंतर झालंय," ते गंभीरपणे म्हणाले. "पुढची रिळं यायचीत."

तिला ते आवडून गेले. नखं कापलेली, दाढी गुळगुळीत, सदऱ्याची सगळी बटणं बरोबर काजांत. घरी कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघतंय, असं तिच्या मनात आलं होतं. ते कुणीतरी कोण हेही लगेच कळलं, कारण घरात तिसरं माणूस नव्हतं.

आता ती गल्लीतून धावत होती. मुलगाही बाहेर आला होता.

"मी मोठ्या रस्त्याकडे बघतो," म्हणाला आणि निघाला. भाऊजी चपला न घालता समोरच्या इमारतीच्या जिन्यांत शिरले. काचताई उलट्या बाजूला वळली. पंक्चरवाल्याला विचारलं, त्याने मान हलवली. शाळेच्या भिंतीशी सावलीत दोन म्हातारे बसले होते, पण ते रोजचेच. एका बंद दुकानाच्या पायरीवर पांढरा सदरा दिसला आणि तिचा जीव भांड्यात पडला. जवळ गेल्यावर तो सदरा दुसऱ्याच कुणाचा निघाला. मोठ्या रस्त्यावरून एका ट्रकने करकचून ब्रेक मारल्याचा आवाज आला. दोन क्षण ती नुसती ऐकत उभी राहिली. आरडाओरडा झाला नाही. ट्रक पुढे गेला.

फाटकासमोर इस्त्रीवाली बाई सकाळपासून टेबल मांडून उभी असते. मघाशी घाईत तिला विचारायचंच राहिलं होतं, ते काचताईने आता परत येऊन विचारलं.

"मावशी, एक म्हातारे गेले का हो इथून? पांढरा सदरा, डोक्यावर काही नाही?"

"म्हातारं कुणी नाही गेलं."

"नीट आठवा हो. फाटकातून बाहेर आले असतील."

"अगं बाई, इथून मांजर गेलं तरी मला दिसतं," इस्त्रीवाली जरा रागावूनच म्हणाली. "मघाशी एक पिशवीवाले साहेब आत गेले, जरा वेळाने बाहेर आले आणि तुमच्या पुढच्या दाराकडे गेले. तेवढंच. म्हातारं नाही नि कोतारं नाही."

काचताईने पहिलंच वाक्य ऐकलं, पुढचं तिच्या कानांवरून गेलं. फाटकातून म्हातारा बाहेर आला नव्हता. पुढच्या दाराने गेला असता तर भाऊजींना दिसला असता. मग तो बोळकांडीतून अंगणात आला आणि अंगणातच राहिला. अंगणात लपायला ना झाड ना खोली.

अंगणात गाडी होती.

तिला एकदम सगळं आठवलं. आठवलं म्हणजे, आपण न बघता काय केलं ते दिसलं. फिल्म चढवून झाली, की गाडी तासभर कडक उन्हात बंद ठेवायची, म्हणजे फिल्मखालचं पाणी सुकतं आणि ती काचेला घट्ट बसते. खिडक्यांच्या बटणांवर चिकटपट्टी मारायची, नाहीतर गिऱ्हाईक घाईने काच खाली करतं आणि सगळी मेहनत वाया जाते. हे सगळं तिने नेहमीप्रमाणे केलं होतं. गाडी अंगणात आणली, बाहेरून सगळ्या काचा कोरड्या फडक्याने पुसल्या, घाण पाण्याची बादली मोरीत ओतायला गेली. बादली ओतून परत आली ती फक्त दारापर्यंत. तिथूनच, मागे वळून न पाहता, किल्लीचं बटण दाबलं. गाडी टुक्क वाजली. ती जेवायला गेली.

बादली ओतायला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात अंगणात आलेल्या माणसाला एक उघडी गाडी दिसते. आत चांगला अंधार. तो आत बसतो आणि दार लावून घेतो.

तिची पाचावर धारण बसली. धावता धावता ती मिनिटं मोजायला लागली आणि मोजायची तिला भीती वाटली. जेवण पंधरा मिनिटं, भांडी आणि फिल्म बसवायच्या रबरी पट्ट्या धुणं दहा, ही शोधाशोध दहा. फाटकातून आत शिरली, गाडीकडे गेली नाही, किल्ली आणायला आत पळाली. खुंटीवरची किल्ली ओढताना खुंटीच निघून हातात आली. परत अंगणात येईपर्यंत तिने तीनदा बटण दाबलं होतं, गाडी उघडत होती, बंद होत होती, उघडत होती.

काळ्या काचांतून आतलं काही दिसत नव्हतं. आपल्याच हाताने लावलेली फिल्म इतकी चोख, की तिला रडू आलं.

दार उघडलं आणि आतून भट्टीसारखी वाफ आली. म्हातारा मागच्या सीटवर कुशीला कलंडला होता. चेहरा लालबुंद, सदरा घामाने चिंब, ओठ उघडे. एक हात दाराच्या कडीशी होता. तिने त्यांच्या काखेत हात घातले. वजन काहीच नव्हतं, पण ते ओढलं जाईना.

"आजोबा! अहो आजोबा!"

पापण्या हलल्या. मग कोरड्या जिभेने, अगदी हळू, ते म्हणाले, "दार लावा. उजेड येतोय."

त्या क्षणी तिला आजवर कुणाच्याही बोलण्याने झाला नसेल इतका आनंद झाला. तिने भाऊजींना हाक मारली ती अख्ख्या गल्लीने ऐकली.

समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. तोवर म्हाताऱ्यांना पुढच्या खोलीत पंख्याखाली निजवलं होतं आणि गाड्या पुसायची सगळी स्वच्छ फडकी ओली करून त्यांच्या मानेवर, काखेत, पायांवर ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, सुई टोचली, चमच्याने पाणी पाजायला लावलं. अर्धा तास त्या हलल्या नाहीत. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. पिशवी अजून त्याच्या हातातच होती.

"बचावले," शेवटी त्या म्हणाल्या. "वरून ऊन थेट आलं असतं, तर एवढ्यावर निभावलं नसतं. आज घरी न्या, दर तासाला पाणी द्या, काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा." मग स्वर बदलून त्यांनी विचारलं, "पण गाडीत राहिलेच कसे?"

भाऊजींनी काचताईकडे पाहिलं. दुकान, नाव, सोळा वर्षं, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं.

"माझी चूक," काचताई म्हणाली. "मी आत न बघता गाडी लॉक केली. दुसऱ्या कुणाचा काही दोष नाही."

तिला वाटलं, आता मुलगा तिच्यावर भडकेल. भडकायलाच हवं होतं त्याने. तिच्या वडिलांच्या बाबतीत कुणी असं केलं असतं, तर तिने दुकान डोक्यावर घेतलं असतं. तो जमिनीकडे बघत राहिला. इतकंच म्हणाला, "जाऊ द्या. असू दे."

त्याचा हा मोठेपणा बघून तिला आणखी शरमल्यासारखं झालं.

चारच्या सुमाराला म्हातारे उठून बसले. दोन पेले पाणी प्यायले आणि तिसरा हातात घेऊन मध्यंतर किती लांबलं म्हणून तक्रार करू लागले. सगळ्यांना हसू आलं. मुलालाही आलं असावं, कारण त्याने तोंड फिरवलं. काचताई गाडी काढायला अंगणात गेली. गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी काचांवरून शेवटचा हात फिरवायचा, ही तिची सवय होती. आज तर तिला ती गाडी शंभरदा पुसावीशी वाटत होती.

गल्लीच्या बाजूने मागची काच पुसायला ती वाकली आणि थांबली.

काचेवर डाग होता. दोन तळहातांच्या कडा, एकमेकींकडे वळलेल्या, आणि त्यांच्या मधोमध कपाळ टेकल्याची तेलकट खूण. काळ्या काचेतून आत बघायचं, तर माणूस असाच बघतो. डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हात धरून, कपाळ काचेला लावून. खूण काचेच्या अगदी वरच्या कडेला होती, उंच माणसाने वाकून टेकल्यासारखी. एवढे उंच भाऊजी नव्हते. ती नव्हती. तिने दार उघडलं होतं ते पलीकडचं. आणि ही काच गाडी बंद करण्याआधी, शेवटची म्हणून, तिनेच पुसली होती.

इस्त्रीवालीचं कानांवरून गेलेलं वाक्य तिला आता ऐकू आलं: मघाशी एक पिशवीवाले साहेब आत गेले.

भर उन्हात तिला थंडी वाजली. फाटक कुणी उघडं टाकलं ते कळलं. तो बाकावर बसून पाणी पीत होता. वडील समोर नसताना त्याने एकदाही विचारलं नव्हतं, विचारलं होतं तिने. आणि शोधायला म्हणून तो गेला होता मोठ्या रस्त्याकडे.

मागे पावलं वाजली. ती दचकून वळली. मुलगा दारात होता. तिच्या हातातल्या फडक्याकडे, मग काचेकडे त्याची नजर गेली. तो जवळ आला नाही. ती गाडीला पाठ लावून उभी राहिली. तिला वाटलं ओरडावं, आणि ओरडून काय म्हणायचं ते सुचेना.

"औषधं घेऊन मागच्या फाटकाने आलो. झोपलेत असं वाटलं मला," तो म्हणाला.

तिने हातातलं फडकं खाली केलं.

"म्हटलं, पाच मिनिटं बसू. नुसतं बसू." त्याचा आवाज आतल्या आत जात होता. "रात्री दर दोन तासांनी उठतात ते. गेली चार वर्षं. मी पाणी मागितलं तुमच्या भाऊजींकडे. पाणी पीत होतो. मग तुम्ही येऊन विचारलंत..."

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तोंडच उघडेना." त्याने तिच्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं. "खरं सांगतो. का उघडेना ते मला माहीत नाही. त्याचीच भीती वाटतेय मला."

काचताईला त्याची भीती वाटत होती. त्याहून मोठी भीती ही, की त्याचं म्हणणं तिला कळलं होतं. या माणसाने आज सकाळी वडिलांची दाढी केली होती. सदऱ्याची बटणं लावली होती. नखं कापली होती. आता ती आत जाऊन डॉक्टरीणबाईंना बोलावू शकत होती, भाऊजींना सांगू शकत होती, गल्ली गोळा करू शकत होती. माझी चूक नव्हती, निदान सगळी नव्हती, असं ओरडून सांगायचा तिला हक्क होता. आणि मग? आज रात्री म्हाताऱ्यांना पाणी कोण पाजणार होतं? हाच. आणि आज रात्री त्यांना याच्या हाती एकटं सोडायचं, हा विचारही तिला सोसवत नव्हता.

आतून म्हाताऱ्यांचा आवाज आला. ते मुलाला हाक मारत होते, लहान मुलाला मारतात तशी, लाडाच्या नावाने. मुलगा लगबगीने आत गेला. ती दारातून बघत राहिली. त्याने वडिलांना उठवलं, टोपी घातली, कपाळावरचं ओलं फडकं हळूच काढून घडी केली, बाकावर ठेवलं. प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे होत होती.

तिने गाडी पुढे आणली. चारही दारं उघडून ठेवली आणि वडिलांना पुढच्या सीटवर बसवायला सांगितलं. पट्टा तिने स्वतः लावला. म्हातारे छताकडे बघून म्हणाले, "हां. आता जरा बरं झालं." मुलगा दुसऱ्या बाजूने बसायला निघाला, तेव्हा ती त्याच्या वाटेत उभी राहिली.

"ही गाडी उद्या परत दाखवायला आणावी लागेल," ती म्हणाली.

"उद्या?"

"हो. आणि परवा. फिल्म नीट बसतेय का, बघावं लागतं. छताची काच मोठी आहे. निदान महिनाभर तरी, रोज." ती थांबली. "आजोबांना घेऊन यायचं. ते दुपारभर इथे बसतील माझ्याजवळ, पडदा ओढून. तुम्हाला कुठे जायचं असेल तर जा. नाहीतर घरी जाऊन झोपा."

काउंटरमागे भाऊजींनी मान वर केली. फिल्म एकदा बसली, की गिऱ्हाइकाने वर्षभर तोंड दाखवलं नाही तरी चालतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते काहीतरी बोलायला गेले. वहिनींचा चेहरा पाहून परत फोनकडे वळले.

मुलगा किल्ली हातात धरून उभा होता. तिने काय मागितलं आणि काय देऊ केलं, ते त्याला कळलं होतं. नाही म्हणाला असता, तर ती त्या गाडीपुढून हलली नसती, हेही कळलं असावं. खाली बघून त्याने दोन-तीनदा डोळे मिटले, उघडले.

"किती वाजता आणू?" त्याने विचारलं.